विहीणबाईंचा घेर

एप्रिल लागला की सांगलीत आमच्या विश्रामबागेत नळाला पाणी दिवसाआड येतं आणि लग्नपत्रिका रोज येतात. पूर्वी पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ एवढीच सूचना असायची आणि ती कुणी पाळत नसे. आता तिथं थीम असते आणि ती पाळावी लागते. हळदीला पिवळं, मेंदीला हिरवं, इथवर मी समजून घेतलं. परवा आलेल्या पत्रिकेत थीम होती समुद्रकिनारा, आणि कार्यालय तासगाव रस्त्याला, द्राक्षबागेच्या कडेला. आता अशा ठिकाणी सत्तरीकडं झुकलेल्या माणसानं काय घालून जावं, हे पत्रिका छापणाऱ्यानं तरी सांगावं.

हे मी तणतणत बायकोला वाचून दाखवलं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही तर बोलूच नका. अख्ख्या वऱ्हाडाला साहेब-मडमा करून कुणी बसवलं होतं?”

ते खरं आहे. तीन वर्षं झाली त्याला. अजून कपाट उघडून डांबरगोळ्यांचा वास आला की मला थंडीचे कपडे आठवायच्या आधी तो उन्हाळा आठवतो. लोकांना उन्हाळ्यात आंबे आठवतात, मोगरा आठवतो. मला आठवतो लोकरी कोट, आणि त्याच्या आत घामानं पाठीला चिकटलेला सदरा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिली वडूजला. दाजी फौजेत सुभेदार होते. सुट्टीवर आले असताना छातीत कळ येऊन गेले, त्याला त्या वेळी अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून आठ एकर कोरडवाहू रान आक्का एकटी बघते. शाळू, घेवडा, पाऊस झालाच तर बटाटा. ट्रॅक्टरवाल्याशी भांडते, खतवाल्याला वजन पुन्हा करायला लावते, आणि तिची स्कूटर दिसली की वायरमन न बोलावता खांबावर चढतो असं तिथं म्हणतात. अशी ही बाई फक्त लग्नात भिते. कार्यालयात शिरली की सगळ्यात मागं, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या शेजारी बसते. हळदीकुंकवाची ताटली रांगेतून पुढं सरकायला लागली की “भात लागतोय का बघून येते” म्हणून उठते. भात लागत नसतो. तिला कुणी ऊठ म्हणत नाही, हेही खरं. म्हणायची पाळीच येत नाही, कारण ती आधीच उठलेली असते. मी सख्खा भाऊ, पण मीही कधी तिचा हात धरून तिला खाली बसवलं नाही. हे सांगायची आज लाज वाटते.

प्राजू तिची एकुलती एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. पाटणच्या ओंकारशी तिचं जमलं, दोन्ही घरांनी होकार दिला, साखरपुडा सांगलीत करायचं ठरलं. त्यानंतर एका रविवारी ती माझ्याकडं आली आणि चहा गाळून होईपर्यंतसुद्धा न थांबता बोलायला लागली.

“मामा, लग्न तुमच्या पद्धतीनं करा. साखरपुडा माझ्या पद्धतीनं. सगळ्यांनी व्हिक्टोरियन कपडे घालायचे. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात घालायचे ना, तसे. बायकांनी घेरदार झगे, पुरुषांनी कोट आणि उंच टोप्या.”

“एप्रिलात?”

“एप्रिलात.”

“अगं, सांगलीत एप्रिलात बनियन नको होतो.”

ती हसली नाही. “मामा, आईला स्टेजवर आणायचंय. माझं औक्षण तिनं करायचंय. साडीत ती येणार नाही. साडी म्हटली की इथं प्रत्येकाला नियम पाठ आहेत. कुणी कुठला रंग नेसायचा, बांगड्या कसल्या, पुढं कुणी यायचं. या झग्यांचे नियम मात्र आपल्यात कुणालाच माहीत नाहीत. एकदा तरी सगळेच सारखे अडाणी होऊ देत.”

पोरगी सुभेदाराची. हल्ला कुठल्या बाजूनं करायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आईला यातलं काही कळता कामा नये, अशी तिनं मला शपथ घातली आणि मग चहा प्याली.

वेशभूषा माझ्याकडं आली, कारण बत्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. लोकांना वाटतं, चित्रकलेच्या मास्तराला कपड्यातलं कळतं. बत्तीस वर्षं मी पोरांकडून तांब्या, पेरू आणि केळ्याचा घड काढून घेतला. त्यातल्या कुणीच अंगात काही घातलेलं नव्हतं. पण हे ऐकतो कोण? प्राजूनं मोबाईलवर फोटो पाठवले, मी चष्मा लावून ते बघत बसलो. जितके बघितले तितका घाबरलो. त्या बायकांच्या कमरा मुठीत मावतील अशा, आणि कमरेखाली एकेक बाई म्हणजे शाळूच्या पेंढ्या रचलेली बुचाडच. पुरुष सगळे उभे. एकाच्याही चेहऱ्यावर सुख नव्हतं. बहुतेक टोपीनं कपाळ चावत असावं.

गावभागातल्या एका बोळात गजाअण्णांची ड्रेपरी आहे. नाटकवाल्यांना कपडे भाड्यानं देणारं जुनं दुकान. अण्णा ऐंशीच्या घरातले. एकाच लाल कोटात त्यांनी गव्हर्नर, जादूगार आणि सर्कसचा मालक उभा केलेला आहे. दुकानात शिरलं की डांबरगोळ्या, दाढी चिकटवायचा डिंक आणि पन्नास वर्षांतल्या नटांचा घाम यांचा मिळून एक वास येतो. पहिल्या मिनिटाला नको वाटतो आणि नंतर सोडवत नाही. यमदूतांच्या गदा एका कोपऱ्यात, पलीकडं मावळ्यांच्या तलवारी, आणि वरच्या फळीवर साहेबांच्या टोप्या एकात एक घालून ठेवलेल्या. मी बेत सांगितल्यावर अण्णांचे डोळे चमकले. म्हणाले, “मास्तर, चाळीस वर्षांत साहेबी नाटक करणारा कुणी भेटला नाही हो. पूर्ण वऱ्हाड आणा. एकेकाला बघून देतो.”

तिथं माझी चूक झाली. मी खरंच पूर्ण वऱ्हाड आणलं.

आमच्याकडं साखरपुडा म्हणजे अंगठ्या कमी आणि मानपान जास्त. वरपक्षाच्या मानकऱ्यांना पोशाख मुलीकडच्यांनी द्यायचा ही रीत. आता पोशाख भाड्याचा असला म्हणून काय झालं? मान भाड्याचा नव्हता. एका रविवारी पाटणहून दोन गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून उतरले आबा, म्हणजे ओंकारचे थोरले चुलते. पांढऱ्या मिश्या, कडक इस्त्री, आणि घरात शब्द त्यांचाच. दुसऱ्या गाडीतून उतरल्या ओंकारच्या आई शालनताई. देहानं भरभक्कम, आवाजानं त्याहून.

अण्णांनी आबांना कोट चढवला, पुढून आखूड, मागं दोन शेपट्या. आत जाकीट, गळ्याला बो. आबा आरशात बघून थोडे खूश झाले. मग टोपी चढवली. तेवढ्यात त्यांची नजर धाकट्या भावाकडं, म्हणजे ओंकारच्या वडलांकडं गेली. आबांनी स्वतःची टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि तिला वीत लावली. मग भावाच्या डोक्यावरची काढून तिलाही लावली.

“माझी वीतभर,” आबा शांतपणे म्हणाले. “धाकट्याची वीत आन् चार बोटं.”

ओंकारचे वडील बोडकं डोकं खाजवायला लागले.

“आमी काय टोपीला हापापल्यालो न्हाई मास्तर,” आबा स्टुलावर बसत म्हणाले. “पन थोरल्याची टोपी ठेंगणी, हे कुटं बघितलं न्हाई.”

मी घाईघाईनं म्हणालो, टोपी उंच करून देतो. अखेर माझी कला कामाला आली. पुठ्ठा, खळ, काळा सॅटीन. आबांची टोपी दीड वीत झाली. ती बघून नवऱ्या मुलाच्या मामांनी आपली टोपी काढून टेबलावर ठेवली. नुसती ठेवली. मामाचा मान कुणाला नाकारता येतो का? त्यांची उंचावली. मग आबांची परत कमी पडली. पुढचे दहा दिवस मी घरात दुसरं काही केलं नाही. टोप्या वाढत गेल्या, आणि शेवटी आबांची दोन वितींवर थांबली. तीसुद्धा पुठ्ठा संपला म्हणून. आज आठवून मी हसतो, पण तेव्हा खळीनं माखलेल्या बोटांनी मी जेवत होतो आणि मला हसू येत नव्हतं.

बायकांचं वेगळं. झग्याच्या आत वेताच्या कड्यांचा एक पिंजरा असतो, त्यावर झगा फुलतो. अण्णांनी शालनताईंना विचारलं, “किती कड्यांचा देऊ?”

“सगळ्यात जास्तीचा कितीचा हाय?”

“सहा. पण तो नाटकात कुणी घालत नाही. दारातून जात नाही.”

“मुलीच्या आईला कितीचा?”

“त्यांचं अजून ठरायचंय.”

“मग मला सहाचाच द्या. त्यांचं काय का ठरंना.”

आक्का दाराशी उभी होती. ती फक्त बघायला आलेली. “मला काय नगं,” ती म्हणाली. “माझी साडी बरी हाय.” प्राजू म्हणाली की साडीवालीला त्या दिवशी आत सोडणार नाहीत, तेव्हा ती नाइलाजानं पुढं आली. प्राजूनं तिच्यासाठी एक डाळिंबी रंगाचा झगा आधीच हेरून ठेवला होता. तो ती हँगरवरून काढणार एवढ्यात अण्णांनी चष्म्यावरून आक्काकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं, आणि विचारलं, “मालक?”

“न्हाईत.”

“मग काळा,” अण्णा म्हणाले आणि फळीवरून काळा झगा काढायला वळले. “त्या काळात विधवा काळंच घालत. हा पोशाख ज्या राणीच्या नावानं ओळखला जातो ना, ती स्वतः नवरा गेल्यावर चाळीस वर्षं काळ्या कपड्यात होती. मास्तर, नाटकात संवाद चुकला तर चालतो, पोशाख चुकलेला चालत नाही.”

अख्ख्या सांगलीत त्या झग्यांचे नियम माहीत असलेला एकच माणूस होता आणि आम्ही नेमके त्याच्याच दुकानात उभे होतो. प्राजूचा चेहरा पांढराफटक पडला. मला अण्णांना त्यांच्याच यमदूताची गदा मारावीशी वाटली. आक्काला मात्र हायसं वाटल्याचं दिसलं. तिनं काळा झगा हातात घेतला, कापड चोळून बघितलं आणि म्हणाली, “बघ प्राजू. तिकडंबी आपल्यासारकंच हाय म्हनायचं. द्या, हाच द्या.” तिला मागं बसायला साहेबाच्या देशातून परवानगी मिळाली होती.

आणि मग स्टुलावरून आबा उठले.

“काळं?” ते म्हणाले. “साखरपुड्यात काळं? आमच्या घरात शुभकार्याला काळा दोरासुद्धा चालत न्हाई.”

“आबासाहेब, तुमचा कोट काळाच आहे,” अण्णा म्हणाले.

“कोटाचं येगळं. बाईमानसाच्या अंगावर काळं न्हाई म्हंजे न्हाई.”

अण्णा म्हणाले, मग करडा द्यावा, जुन्या विधवा करडा घालत. पण करडा एकच होता आणि तो एक नाटक मंडळी सोलापूरला घेऊन गेली होती. पांढरा मडमांच्यात नवरीचा. हिरवा शालनताईंचा. आक्काच्या मापाचा, आबांना चालणारा आणि दुकानात शिल्लक असलेला एकच झगा उरला, तो डाळिंबी. तिकडचा एक नियम आणि इकडचा एक नियम समोरासमोर आले आणि दोघेही खाली बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या हट्टाबद्दल देवाचे आभार मानले. आक्कानं त्या झग्याची बाही उलटून शिवण बघितली. मग म्हणाली, “कड्या नगं. आन् मी मागंच बसनार. आदीच सांगते.”

म्हणजे रंग जिंकला होता, स्टेज अजून बाकी होतं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दहालाच कार्यालयाचा पत्रा तापून कडकड वाजत होता. कोट घातलेले पुरुष झाडाखाली उभे, एकमेकांच्या पाठीवर पंखा धरत. आबांची टोपी वरपक्षाच्या खोलीतल्या छताच्या पंख्याला लागायला लागली, म्हणून तिथला पंखाच बंद ठेवला. टोपी काढावी हे कुणी सुचवलं नाही आणि मी तर नाहीच नाही. शालनताई सांगलीतल्या नातेवाइकांकडं तयार झाल्या खऱ्या, पण मोटारीत मावेनात. शेवटी मांडववाल्याचा टेम्पो बोलावला आणि गणपती आणतात तसं त्यांना मागं उभं करून आणलं. टेम्पोतून उतरल्यावर त्यांनी घाम पुसला आणि म्हणाल्या, “रस्त्यानं लोक नमस्कार करत हुते.” त्यांना बसता येत नव्हतं. बसलं की पुढचा घेर तोंडापर्यंत वर यायचा. त्यामुळं पूर्ण वेळ त्या उभ्या, आणि मठ्ठासुद्धा उभ्यानंच प्याल्या.

आणि आक्का आली. डाळिंबी रंगात मी तिला किती वर्षांनी बघत होतो? तिच्या लग्नात शालू त्याच रंगाचा होता का, हे मला आठवेना. मी एवढंच म्हणालो, “आक्के, चांगली दिसतीस.” ती म्हणाली, “गप रं. उकडून जीव चाललाय.” आणि सरळ जाऊन रचलेल्या खुर्च्यांच्या शेजारी बसली.

कपड्यांनी माणूस बदलत असेल असं मला आधी वाटायचं. त्या दिवशी मी सगळीकडं बघत होतो, कुणी तसूभर बदललेलं नव्हतं. उंच टोपीतले आबा आबाच होते, हातमोजे घातलेले मामा जिलेबी मोजत होते, आणि विलायती झग्यातली माझी बहीण मागच्या रांगेत होती. प्राजूनं स्टेजवरून दोनदा मान उंचावून मागं बघितलं. दुसऱ्या खेपेला तिची नजर मला भेटली. मी डोळे खाली घातले. अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. गुरुजी म्हणाले, “आता औक्षण. आधी मुलाच्या आई.” आणि आक्का उठली. मला कळलं, भात.

शालनताई स्टेजकडं निघाल्या, पायऱ्या चार. पहिल्या पायरीवर घेर अडला. त्यांनी जोर लावला, घेर मागं आडवा झाला आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं. पोरीबाळी खुदखुदू लागल्या. आक्का स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली होती. पण काम वेडंवाकडं होताना बघून पुढं जाणं हे तिच्या स्वभावात नाही. ती वळली, तरातरा आली आणि मागून दोन्ही हातांनी घेर उचलून धरला. “हां, आता चढा. डावा पाय आदी. मी हाय.” पोतं चढवावं तशी तिनं ती विहीण चार पायऱ्या वर चढवली, आणि तिच्यामागं स्वतःही चढली.

वर पोचल्यावर शालनताई आभार मानायला गर्रकन वळल्या. घेरही वळला, आणि पायऱ्यांच्या तोंडावर बरोबर बसला.

गुरुजींनी तबक त्यांच्या हातात दिलं. निरांजन पेटलेलं होतं. स्टेज अरुंद, शालनताई तिथंच पायरीपाशी प्राजूकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि हात पुढं केला. हात पोचेना. त्यांच्या पोटापासून प्राजूपर्यंत नुसता झगाच होता. त्या वाकल्या, तर पुढचा घेर वर आला आणि झालर निरांजनापाशी आली.

“आवं, पेटंल की,” आक्का म्हणाली आणि तिनं चटकन तबक काढून घेतलं.

“तेच म्हनते,” शालनताई म्हणाल्या. “तुमीच ओवाळा.”

आक्कानं तबक परत पुढं केलं. “मी न्हाई. दुसरं कुनाला तरी बोलवा.”

“कुनाला? पायरीवर मी हाय. वर कोन येत न्हाई.”

“मग मला जाऊ द्या.”

“माझा हात पोरीपतूर पोचत न्हाई, आन् तुमाला मी जाऊ देत न्हाई,” शालनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आला होता. “आता काय करायचं, ते तुमी ठरवा.”

खाली सगळ्या माना आबांकडं वळल्या. माझ्याही. नियम सगळे त्यांच्याकडं होते. आबा पहिल्या रांगेत ताठ बसलेले, घामाचा ओघळ मिशीतून खाली येत होता. त्यांनी तोंड उघडलं, आक्काकडं बघितलं, आणि म्हणाले, “चालू द्या लवकर. या कोटात मानूस शिजतंय.”

आक्का तशीच उभी होती. इतके दिवस बेत करणारी ती पोरगी आता हात जोडून बसावं तशी बसली होती आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ खाली यायला लागलं होतं. आक्कानं बोट कुंकवात बुडवलं. ते प्राजूच्या कपाळापर्यंत नेलं.

“मान वर कर,” ती म्हणाली. “हलू नगंस. वाकडं लागंल.”

कुंकू सरळ लागलं. अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मग ओंकारला केलं. तिसऱ्याला करायला कुणी उरलं नव्हतं, तरी ती तबक धरून उभीच होती. मी खालून बघत होतो. शेजारी बायको माझ्याच खिशातल्या रुमालाला डोळे पुसत होती.

थोड्या वेळानं फोटोवाल्यानं शालनताईंना नवरा-नवरीच्या पलीकडं सरकवलं. पायऱ्या मोकळ्या झाल्या. खालून कुणीतरी म्हणालंही, “आक्का, भाताचं बघायचं होतं ना?”

“बघतील ते,” आक्का म्हणाली आणि प्राजूच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.